मांडी घालून पियानो

बोईसर स्टेशनबाहेरच्या शेअर रिक्षात मागच्या सीटवर चौघं कोंबतात, त्याबद्दल ज्ञानेश्वरीची तक्रार नव्हती. सवयीचं होतं ते. पण त्या दिवशी चौथा जो येऊन बसला त्याच्या मांडीवर हार्मोनियमची पेटी होती, आणि तिचा पितळी कोपरा सरावलीपर्यंत आपल्या बरगडीत रुतणार हे तिला स्पष्ट दिसत होतं.

तरीही ती काही बोलली नसती. तिला बोलायला लावलं ते त्याच्या बोटांनी.

पेटीच्या बंद झाकणावर तो आपल्याच तंद्रीत उजव्या हाताने काहीतरी वाजवत होता. बोटं भाकरी थापावी तशी सरळ, चपटी. करंगळी हवेत. आणि अंगठा... अंगठा तर झाकणाच्या कडेवरून खाली लोंबत होता, त्याचा या कामाशी काही संबंध नसल्यासारखा. ज्ञानेश्वरीने बाहेर बघितलं. कंपनीच्या बसेस बघितल्या. मग राहवेना.

“अंगठा वर घ्या,” ती म्हणाली.

“काय?”

“अंगठा. आणि मनगट खाली पडलंय तुमचं. दुखत नाही का?”

त्याने मनगटाकडे बघितलं, मग तिच्याकडे. डोळे हसरे होते, आणि तेच तिला आधी खटकलं.

“नाय,” तो म्हणाला. “तुमचं दुखतं का काय?”

“माझं कशाला दुखेल?”

“तुमचा चेहरा बघून वाटलं तसं.”

रिक्षावाला मोठ्याने हसला. ज्ञानेश्वरी एक स्टॉप आधीच उतरली आणि भर उन्हात चालत गेली.

आता इथे सांगायला हवं की अनोळखी माणसाचा अंगठा दुरुस्त करणं हा काही तिचा आगाऊपणा नव्हता. ती पियानो शिकवायची. सरावलीत स्टेशनरीच्या दुकानावर तिची एक खोली होती आणि खोलीत एक जुना उभा पियानो. समुद्राची ओल आणि एमआयडीसीची हवा, दोन्ही त्याच्या तारांच्या मुळावर उठलेली, म्हणून पियानोच्या पोटात बारा महिने झीरोचा बल्ब जळत असे. ही युक्ती तिच्या बाबांची, खंडेरावांची. पस्तीस वर्षांपूर्वी ते पारनेरकडून तारापूरला फिटर म्हणून आले, कंपनीतून निवृत्त झाले आणि आता पियानोचे स्क्रू पिळत बसत. ज्ञानेश्वरी स्वतः लहानपणी वाकडी बसून शिकली होती. कुणी टोकलं नाही. एकविसाव्या वर्षी मनगट असं धरलं की वर्षभर वाजवणं बंद. तेव्हापासून विद्यार्थ्याचा सूर चुकला तर ती एकदा सांगायची, बैठक चुकली तर दहादा.

आठ दिवसांनी, सकाळी सव्वासात वाजता, तोच माणूस तिच्या दारात उभा राहिला. या वेळी पेटीऐवजी हातात हेल्मेट होतं.

“अंगठ्याच्या मॅडम तुमीच काय?”

त्याचं नाव विपुल राऊत. एडवणचा. घरची केळीची आणि पानवेलीची वाडी, आणि गावच्या भजनी मंडळात तो लहानपणापासून पेटीवर. पालघरच्या एका शाळेत दोन वर्षं मुलांना गाणी शिकवत होता, पण तात्पुरता.

“आता शाळेनं पियानो आणलाय,” तो म्हणाला. “मोठ्या बाई म्हणतात, नोव्हेंबरात तिसऱ्या ग्रेडची परीक्षा पास झालात तर कायम करतो. नाय तर जानेवारीपासून दुसरा माणूस बघतील, आणि मी मामाकडे वापीला, कंपनीत.” मग जरा थांबून, हेल्मेटशी चाळा करत तो म्हणाला, “मला ती पोरं सोडायची नायत, मॅडम.”

हे शेवटचं वाक्य त्याने इतकं सरळ सांगितलं की ज्ञानेश्वरीने वेळापत्रक न बघताच त्याला होकार दिला. ऑगस्ट संपत आला होता. हाताशी अडीच महिने.

“बसा,” ती म्हणाली.

तो बसला. म्हणजे बाकावर चढला, मांडी घातली, पाठ ताठ केली आणि “हं, सांगा” म्हणाला.

ज्ञानेश्वरीने कपाळाला हात लावला. “राऊत, पाय खाली.”

“खाली सोडले की एस्टीची वाट बघत बसल्यासारखं वाटतं.”

“पाय खाली! दोन्ही तळवे जमिनीला टेकवून. बाकाच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसायचं. कोपर पट्ट्यांच्या पातळीत. खांदे सैल. मनगट ना वर ना खाली. बोटं गोल.”

“एवढं सगळं झाल्यावर वाजवायचं कधी?”

“डिसेंबरात!”

बोटं गोल म्हणजे किती गोल, ते कळावं म्हणून तिने त्याच्या तळव्यात एक चिकू ठेवला. हा तिचा नेहमीचा उपाय होता. मुलं चिकू धरून हात पालथा करत आणि आकार लक्षात ठेवत. विपुलने चिकू अंगठ्याने दाबून पाहिला, नाकाशी नेला.

“कच्चा हाय. दोन दिवस तांदळात ठेवा.”

“तो खायचा नाहीये.”

“मग झाडावरनं कशाला काढला बिचाऱ्याला?”

पण खरी डोकेदुखी त्याच्या डाव्या हाताची. उजवा हात हळूहळू वळणावर येत होता, मनगट पातळीत राहावं म्हणून हाताच्या पाठीवर ठेवलेला खोडरबर चार ओळींपर्यंत टिकायला लागला होता. डावा मात्र दोन मात्रा वाजवायचा आणि मग पट्ट्या सोडून हवेत मागे-पुढे, मागे-पुढे झुलायला लागायचा. वीस वर्षं भाता मारलेला हात तो. पेटीत सूर उजव्याने काढायचा आणि वारा डाव्याने घालायचा, एवढंच त्याला माहीत.

“इथे वारा लागत नाही, राऊत!”

“मग सूर टिकतो कसा?”

“नाही टिकत. विरतो. म्हणून बोट दाबून ठेवायचं.”

“विरतो?” त्याने पियानोकडे खरोखरच्या कणवेने बघितलं. “मग एवढा मोठा करून उपयोग काय?”

बाहेरच्या जिन्यावर पेपर वाचत बसलेल्या खंडेरावांना ठसका लागला. ज्ञानेश्वरीला वाटलं, आपलं शिकवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. तिने सरळ फतवा काढला.

“परीक्षा होईपर्यंत पेटीला हात लावायचा नाही. एकदाही. कबूल?”



“कबूल,” तो म्हणाला.

सप्टेंबर असाच चिडचिडीत गेला. तो पावसातून पस्तीस-चाळीस किलोमीटर बाइक मारत यायचा, रेनकोट जिन्यात निथळत ठेवायचा आणि खंडेरावांसाठी पिशवीतून कधी केळी, कधी विड्याची पानं काढायचा. एकदा पियानोवर सोनचाफ्याची दोन फुलं ठेवली.

“पियानोवर काही ठेवायचं नसतं.”

“मग कुठं ठेवू?”

“...द्या इकडे.”

ती फुलं दिवसभर तिच्या टेबलावर होती. पाच विद्यार्थ्यांनी विचारलं, पाचांनाही तिने स्केल्स दहादा वाजवायला लावले.

आणि एक गोष्ट तिची तिलाच कळत होती. त्याचं मनगट उचलायचं ते ती पेन्सिलीने उचलायची. सगळ्यांचं हाताने, त्याचं पेन्सिलीने. एका सकाळी पेन्सिल सापडेना, तेव्हा तिने दोन बोटांनी त्याचं मनगट वर घेतलं. क्षणभरच. त्याचे खांदे एकदम कानापर्यंत गेले.

“खांदे!” ती ओरडली, गरजेपेक्षा जरा जास्तच.

“हां... हां,” तो म्हणाला आणि पट्ट्यांकडे बघत राहिला. त्यानंतर दोघांचंही चार मिनिटं काही धड वाजलं नाही.

कोजागिरी झाली आणि ये रे माझ्या मागल्या. बोटं पुन्हा चपटी. डावा हात पुन्हा झुलता. वर माणूस जांभया देतो. परीक्षा महिन्यावर आलेली. ज्ञानेश्वरीच्या तळपायाची आग मस्तकात जायची, तो मुकाट ऐकून घ्यायचा. शेवटी एका सकाळी तो बाकावर बसला आणि तिला त्याच्या कपाळावर काळा बुक्का दिसला, ताजा. शर्टाला कापराचा वास.

“हे काय?”

त्याचा हात कपाळाकडे गेला. पुसायला उशीर झाला होता.

“काकडा,” तो म्हणाला. “पौर्णिमेपासून महिनाभर रोज पहाटे असतो आमच्या देवळात. पेटीवर रामनाथकाका असतात, पण वाडीत पाय घसरून त्यांचं मनगट मोडलं. दुसरं कुणी नाय.”

“म्हणजे तीन आठवडे तुम्ही रोज पेटी वाजवून इथे येताय?”

“सांगणार होतो...”

“पेटीशिवाय काकडा म्हणता येत नाही?”

“येतो. पण आमच्याकडं तो पेटीशिवाय कधी झाला नाय. काका हात गळ्यात बांधून समोर बसतात, मॅडम. त्यांच्यादेखत पेटी बंद कशी ठेवू?”

“आणि मला दिलेला शब्द?”

ज्ञानेश्वरीला राग नेमका कशाचा आला हे सांगणं अवघड आहे. तो परीक्षेत नापास होईल याचा आला, खोटं वागला याचा आला, आणि तो वापीला निघून जाईल याचा तर सगळ्यात जास्त आला.

“उद्यापासून येऊ नका,” ती म्हणाली. “मी ज्याला शिकवते त्याला पास व्हायचं असतं.”

तो उठला. बाक जागेवर सरकवला, नमस्कार केला आणि गेला.

चार दिवस सव्वासातला कुणी आलं नाही. ती सव्वासातला खोलीत असायची. पाचव्या दिवशी कार्तिकी एकादशी होती आणि खंडेराव सकाळीच धोतर-टोपी करून, टाळ घेऊन तयार.

“चल गं, स्कूटी काढ. एडवणला जायचंय.”

“बाबा, अजिबात नाही.”

“माझा गुडघा धरलाय, न्हाईतर गेलो असतो एकटा. त्या पोरानं महिन्यापूर्वीच आवतन दिलंय, एकादशीला सकाळभर भजन असतं म्हणून. तुझं भांडण तुझ्यापाशी. माझं कुणाशी भांडण न्हाई.”

पालघर, मग खाली किनाऱ्याकडे, वाड्यांमधून जाणारा रस्ता. मागे बसून बाबा टाळ सांभाळत अभंग गुणगुणत होते आणि ज्ञानेश्वरी प्रत्येक वळणावर ठरवत होती की देवळात पाय ठेवायचा नाही, बाहेर स्कूटीवरच बसायचं. देवळाशी पोचल्यावर ती जेमतेम पाच मिनिटं बाहेर बसली.

आत, खांबाशी, विपुल पेटीवर होता. शेजारी प्लॅस्टरमधला हात गळ्यात अडकवून एक म्हातारे काका मान डोलवत होते, ते रामनाथकाका असणार. विपुलचे डोळे मिटलेले. त्याने तिला बघितलं नाही.

तिने मात्र बघितलं. आणि सवयीने आधी बैठक बघितली.

पाठ सरळ. ओढून ताणून नव्हे, आपोआप. खांदे खाली, इतके खाली की त्याला खांदे असल्याची आठवणही नसावी. आणि तो डावा हात! भाता त्याच्या बोटांनी हलत नव्हता. हालचाल खांद्यातून यायची, कोपरातून उतरायची, मनगट तिच्यामागून सैल वाहत जायचं. ओळ संपत आली की हात मंदावायचा, गाणाऱ्यांना श्वास घेऊ द्यायचा, आणि मग नव्या ओळीला पुन्हा उचलायचा. मनगट धरल्यानंतर मुंबईला तिला ज्या पहिल्या धड शिकवणाऱ्या बाई भेटल्या, त्यांनी हीच गोष्ट शिकवायला तिच्यावर दोन वर्षं घालवली होती. हाताचं वजन सोडणं म्हणतात ते हेच. हा माणूस ते घेऊनच तिच्या दारात आला होता, आणि तिने दोन महिने ओरडून ओरडून तोच हात थांबवला होता.

तिला स्वतःचीच चीड आली. इतकी, की डोळ्यांत पाणी आलं.

भजन संपल्यावर अंगणात रताळ्याचा कीस वाटत होते. तो द्रोण घेऊन समोर आला.

“मॅडम... तुमी?”

“बाबांना सोडायला आले होते,” ती म्हणाली. मग म्हणाली, “चूक माझी होती, राऊत. डावा हात तुमचा पहिल्यापासून बरोबर होता. मीच तो बंद पाडला.”

त्याने द्रोण तिच्यापुढे केला.

“पण एक सांगा,” ती पुन्हा नेहमीच्या आवाजावर आली. “इथे खांदे एवढे सैल. मग माझ्याकडे कानाला का लागतात? बाक उंच होतो का? मी ओरडते म्हणून?”

“नाय.”

“मग?”

विपुल द्रोणाकडे बघत होता. “तुमी शेजारी बसता ना... म्हणून.”

“शेजारी न बसता शिकवू कशी?”

“ते मला ठाऊक नाय. तुमी शेजारी बसलात की माझं मनगट काय, श्वासपण जागेवर राहत नाय. ओरडता त्याचं काय नाय वाटत. ओरडायच्या थांबता... तेव्हा वाटतं.”

अंगणात लहान मुलं पळत होती, खंडेराव आणि रामनाथकाका टाळांवरून हुज्जत घालत होते. ज्ञानेश्वरीचे कान लाल झाले.

“परीक्षा दहा दिवसांवर आहे,” ती म्हणाली. “परीक्षेचा निकाल लागेपर्यंत हा विषय बंद. पूर्ण बंद. कबूल?”

“कबूल.”

“तुमच्या ‘कबूल’वर माझा विश्वास नाही.”

“या वेळी ठेवा,” तो म्हणाला.

त्याने शब्द पाळला. इतका पाळला, की तिला त्याचाही वैताग आला. ते दहा दिवस ती खिडकीशी, त्याच्याकडे पाठ करून उभी राहायची आणि त्याच्या शेजारी खंडेराव बसायचे. आधी विपुल जमिनीवर मांडी घालून पाच मिनिटं हवेत भाता मारायचा. मग तोच सैल हात घेऊन बाकावर. पौर्णिमेपर्यंत काकडा रोज चालू होता, पेटी रोज वाजत होती, आणि पियानोचा डावा हात पहिल्यांदाच गाऊ लागला होता. खिडकीबाहेर बघता बघता तिला कळायचं की ओळ संपली, आता हा श्वास घेणार, आणि तो घ्यायचा.

परीक्षा पालघरला होती. ती खाली फाटकाशी थांबली. अर्ध्या तासाने तो उतरला, चेहरा पडलेला.

“काय झालं?”

“वाजलं चांगलं.”

“मग?”

“मांडी घातली गेली.”

“काय!”

“एकच पाय. डावा. दुसऱ्या गाण्याला आपोआप वर आला. परीक्षेच्या बाईंनी चष्म्यावरनं बघितलं आणि कायतरी लिहिलं.”

“राऊत, अडीच महिने! अडीच महिने मी फक्त पाय खाली, पाय खाली...” तिचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. एक भाजीवाली थांबून बघायला लागली. “जा शाळेत. जा. मला आत्ता तुमच्याशी बोलायचं नाही.”

त्यानंतरचे वीस दिवस ज्ञानेश्वरीने कुठल्या विद्यार्थ्याला काय शिकवलं, देव जाणे. वीस दिवसांत तो आला नाही, यायचं कारणही नव्हतं. सव्वासातला खोली रिकामी असायची आणि ती पियानोसमोर नुसती बसून राहायची. तो नापास झाला तर जाईल. पास झाला तरी तिच्याकडे परत येण्याचं काही कारण उरत नाही. दोन्हीकडून आपलंच नुकसान आहे हे लक्षात आलं तेव्हा तिला मनापासून रडू आलं.

निकाल तिच्या फोनवर आला, कारण नाव तिने नोंदवलं होतं. तिने तो तीनदा वाचला, स्कूटी काढली आणि पालघरला शाळेच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली. शिपायाने त्याला बोलावलं. तो तास अर्धा सोडून आला, आणि वरच्या खिडकीत ताबडतोब पंधरा-वीस डोकी जमली.

“शंभरात पास व्हायला साठ लागतात,” ती म्हणाली. “तुम्हाला एकसष्ट. माझ्या कुठल्याही विद्यार्थ्याला आजवर इतके कमी मार्क पडले नाहीत. लिहिलंय, डावा हात फार सुरेख. आणि बसण्याचे दहापैकी दोन.”

“म्हणजे पास?”

“पास!”

त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. वर बघितलं तेव्हा डोळे ओले होते. खिडकीकडे वळून त्याने हात हलवला, तशी वरून पोरांनी कारण माहीत नसतानाच आरडाओरडा केला.

“मोठ्या बाईंना सांगून येतो,” तो म्हणाला. “तुमचे उपकार कसे...”

“थांबा.” तिने स्कूटीचं हँडल घट्ट धरलं. “निकाल लागला.”

“हां, एकसष्ट.”

“निकाल लागेपर्यंत एक विषय बंद होता.”

“होता ना.” त्याचा चेहरा अगदी निरागस. “तुमीच बंद केला होता. मी कबूल बोललो. मग आता मी कसा काढणार?”

“राऊत!”

“शब्द म्हणजे शब्द, मॅडम.”

तिने आधी आकाशाकडे बघितलं, मग खिडकीतल्या पोरांकडे, मग त्याच्याकडे. इतका वैताग तिला आयुष्यात कुठल्या माणसाचा आला नव्हता.

“मला तुम्ही आवडता,” ती म्हणाली. “वापीला जाल या भीतीने मला वीस दिवस झोप नाही. सव्वासातला खोली खायला उठते. आणि तुमच्यासारखा माणूस मला आवडावा याचा मला भयंकर संताप येतो. झालं समाधान?”

आता त्याने खिडकीकडे पाठ केली.

“मला तर तुमी रिक्षातच...” तो म्हणाला. “तुमचा पत्ता काढायला बोईसरला तीन ठिकाणी विचारत फिरलो. पियानोचे दुसरे दोन क्लास तर घराजवळच होते.” मग अगदी हळू म्हणाला, “हा संताप... लग्न झाल्यावर कमी होईल?”

“वाढेल.”

“चालेल मला,” विपुल म्हणाला.

वर पोरं अजून ओरडतच होती. त्याने त्यांना जागेवर बसा म्हणून खूण केली, त्यांनी अर्थातच ऐकलं नाही, आणि ज्ञानेश्वरीने स्कूटी स्टँडवर लावून त्याच्याबरोबर शाळेत जायला पाऊल उचललं.